विकर म्हणजे विकार नव्हे

बडोद्याच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर सावली आहे. मराठी माणूस तिथे गेलाच तर बहुधा पिलाजीराव गायकवाडांसाठी जातो. 1732 साली डाकोरला मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी दगा करून पिलाजीरावांना मारले आणि त्यांच्या लोकांनी देह सावलीला आणून अग्नी दिला. गायकवाडी सत्तेचा पाया घालणाऱ्या पुरुषाचा अंत्यसंस्कार झाला तो या मातीत. आज तालुक्याची ओळख वेगळी आहे. बडोद्याकडून येताना मंजुसर लागते आणि तिथून कारखान्यांची रांग सुरू होते. जैवतंत्रज्ञानासाठी राखलेला पार्क याच तालुक्यात आहे आणि नव्या उद्योजकांना हात देण्यासाठी राज्याच्या बायोटेक्नॉलॉजी मिशनने उभारलेले इन्क्युबेटरही इथेच आहे.

जैवतंत्रज्ञानाचे सर्वांत जुने हत्यार म्हणजे एन्झाइम. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला विकर म्हणतात. शब्द बरा आहे, पण ऐकणारा त्यात एक काना मनानेच घालून घेतो. ‘विकराने बदललेले तेल’ असे कोणापुढे म्हणून पाहा. कपाळावरची आठीच सांगेल की त्याने ‘विकार’ ऐकले. बडोदे काय, पुणे काय, नागपूर काय, शिकल्यासवरलेल्या घरांतून एक समज पक्का होत चालला आहे: तेलाला जितका कमी हात लागेल तितके ते गुणाचे, आणि ज्याच्या रेणूचीच मोडजोड केली ते तेल तोंडात घालण्याच्या लायकीचे नाही. हा समज तपासून पाहायला हवा.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष लंगडा उभा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून आक्षेप आधी त्यांच्या पुऱ्या बळानिशी मांडतो.

पहिला आक्षेप असा: शेंगदाण्यात, तिळात, करडईत मेदाची जी रचना आहे ती काही उगाच नाही. हजारो वर्षे माणसाने ती खाल्ली, पचवली. लाकडी घाण्यावर काढलेल्या तेलात ती जशीच्या तशी राहते. माणसाने ती मोडून नवी रचना केली तर आपल्या शरीराला तिची ओळख कशी पटणार?

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि म्हणून अधिक वजनदार आहे. एकदा आपण फसलो आहोत. वनस्पती तूप आले तेव्हाही ते आधुनिक, स्वच्छ, स्वस्त आणि निर्धोक म्हणूनच आले होते. दोन पिढ्यांनी ते खाल्ले आणि मग कळले की ते हृदयाला घातक आहे. आता तेच लोक नव्या नावाने नवा डालडा आणत नसतील कशावरून?

तिसरा आक्षेप शुचितेचा. हे विकर येते कुठून? जनुके बदललेल्या बुरशीतून, नाहीतर एखाद्या प्राण्याच्या आतड्यातून. ते तेलात उतरणार आणि तेलावाटे पोटात जाणार. शाकाहारी घराने हे का चालवून घ्यावे?

यांतला एकही आक्षेप मूर्खपणाचा नाही. दुसऱ्यात तर पुष्कळ सत्य आहे. पण तिन्हींच्या बुडाशी एक गृहीतक आहे: मेद एकतर नैसर्गिक असतो, नाहीतर कृत्रिम, आणि त्याचा गुणदोष या जातीवरून ठरतो. माझा विरोध या गृहीतकाला आहे. मेदाचा गुण त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. कोणते मेदाम्ल, रेणूतल्या कोणत्या जागी, किती प्रमाणात आणि कोणाच्या पोटात, यावरून तो ठरतो.

बाजरीच्या पिठातला कारागीर

ज्या विकराची ही चर्चा चालली आहे ते लायपेज प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचे आहे. नाव तेवढे ठाऊक नसते. बाजरीचे पीठ कोणी महिन्याचे दळून ठेवत नाही. आठवड्यापुरते दळतात, कारण पुढे ते कडवट लागते. ज्वारीपेक्षा बाजरीत मेद अधिक. दाणा अखंड असतो तोवर मेद एका कप्प्यात आणि लायपेज दुसऱ्या कप्प्यात असते. गिरणीत दाणा फुटला की दोघांची गाठ पडते. लायपेज मेद तोडू लागते, सुटी मेदाम्ले मोकळी होतात, त्यांच्यावर पुढच्या क्रिया होतात आणि पीठ उतरते. तांदळाच्या कोंड्याचेही असेच. पॉलिश करताना कोंडा सुटला की काही तासांतच त्यातले तेल बिघडायला लागते, म्हणून राइस ब्रान तेलाच्या कारखान्यात कोंड्याला ताबडतोब उष्णता देऊन विकर मारावे लागते.

मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लागलेली तीन मेदाम्ले. जागा तीन: दोन कडेच्या, एक मधली. लायपेज ही जोडणी पाण्याच्या साहाय्याने तोडते. स्वादुपिंडाचा रस चरबी फोडतो हे फ्रान्सच्या क्लोद बर्नारने 1840च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. आपल्या स्वादुपिंडातले लायपेज फक्त कडेच्या दोन मेदाम्लांना हात घालते. मधले मेदाम्ल कण्याला चिकटलेलेच राहते, तसेच आतड्याच्या पेशीत शिरते आणि तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा मेदाम्ले जोडली जाऊन नवा रेणू तयार होतो.

इथेच पहिल्या आक्षेपाचा पाया ढासळतो. घाण्यावरचे तेल ‘जसेच्या तसे’ शरीरात जात नाही. प्रत्येक जेवणानंतर आपले आतडे त्याची मोडजोड करते, आणि तीही लायपेजनेच. शरीराला ओळखीची अशी एखादी क्रिया असेल तर ती नेमकी हीच.

मग कारखान्यात वेगळे काय घडते? लायपेजचा स्वभाव दुहेरी आहे. भोवती पाणी भरपूर असेल तर ते जोड तोडते. पाणी जवळजवळ काढून टाकले तर तेच लायपेज उलटे काम करते, म्हणजे मेदाम्ले जोडते आणि एका जागचे मेदाम्ल काढून तिथे दुसरे बसवते. बाजरी बिघडवणारा कारागीर कोरड्या जागी नेऊन बसवला की तो रचना करू लागतो. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिलिव्हरच्या संशोधकांनी या युक्तीचे पेटंट घेतले. 1984 साली झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी तर डुकराच्या स्वादुपिंडातले लायपेज जवळपास निर्जल द्रावणात 100 अंश सेल्सियसलाही काम करते हे दाखवून रसायनशास्त्रज्ञांना चकित केले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता कामा नये. या युक्तीचा पहिला मोठा उपयोग आरोग्यासाठी झाला नाही. पाम तेलाच्या एका अंशात स्टिअरिक आम्ल बसवून कोकोच्या लोण्यासारखा, पण त्याहून स्वस्त मेद बनवणे, म्हणजेच चॉकलेटचा खर्च वाचवणे, हा मूळ हेतू होता. आरोग्य मागाहून आले.

निसर्गाची रचना कोणासाठी?

निसर्गाने दिलेली रचना हितकरच असते, या विधानाची परीक्षा आपल्याच लाडक्या तेलावर घेऊ.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील डेव्हिड क्रिचेव्हस्की यांनी सशांना कोलेस्टेरॉलबरोबर वेगवेगळी तेले खाऊ घालून धमन्या तपासल्या. शेंगदाणा तेल असंतृप्त मेदाम्लांनी समृद्ध, तरी त्यावर वाढलेल्या सशांच्या धमन्या अपेक्षेपेक्षा जास्त बिघडलेल्या निघाल्या. मग त्यांनी तेच तेल घेऊन त्याच्या रेणूंमधली मेदाम्ले फक्त इकडची तिकडे केली. घटक तेच, प्रमाण तेच, जागा तेवढ्या बदललेल्या. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात या फेरमांडणी केलेल्या तेलाने धमन्यांचा बिघाड कमी दिसला.

हा प्रयोग सशांवरचा आहे, आणि तोही वरून कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांवरचा. त्यावरून कोणी शेंगदाणा तेल सोडण्याची गरज नाही. मीही सोडलेले नाही. पण एवढे निश्चित होते की एकाच तेलातली मेदाम्ले जागा बदलताच वेगळी वागू शकतात आणि निसर्गाने दिलेली मांडणी दर वेळी खाणाऱ्याच्या सोयीची असतेच असे नाही. शेंगेने तेल साठवले ते आपल्या अंकुरासाठी. तुमच्या-माझ्या धमन्यांचा विचार तिने करायचे कारणच नव्हते.

दुसरे उदाहरण कमतरतेचे. आपल्याकडची परंपरागत तेले घ्या. करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात लिनोलेइक हे ओमेगा-6 मेदाम्ल सुमारे तीन-चतुर्थांश. तीळ आणि शेंगदाणा यांतही ते भरपूर. पण ओमेगा-3 गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल या तिन्हींत जवळजवळ नाहीच. दोन्ही गटांचे प्रमाण पाचास एक ते दहास एक यांच्या दरम्यान असावे, असा आयसीएमआरचा सल्ला आहे. नुसत्या करडईवर किंवा शेंगदाण्यावर हे प्रमाण कधीच साधणार नाही, घाणा लाकडी असो की लोखंडी.

तिसरे उदाहरण माझ्या मते निर्णायक आहे, आणि ते आईच्या दुधाचे आहे. त्यातल्या मेदाम्लांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पामिटिक आम्लाचा असतो आणि त्यातले साठ ते सत्तर टक्के रेणूच्या मधल्या जागी बसलेले असते. पाम तेलातही पामिटिक आम्ल विपुल, पण ते बहुतेक सगळे कडेला. वरवर पाहता हा क्षुल्लक फरक आहे. बाळाच्या पोटात मात्र तो मोठा ठरतो. कडेचे पामिटिक आम्ल लायपेजने सुटे होते, दुधातल्या कॅल्शियमला चिकटते आणि त्याचा न विरघळणारा साबण बनतो. बाळाला घट्ट शी होते. मेदही वाया जातो आणि कॅल्शियमही. मधल्या जागेचे पामिटिक आम्ल सहसा सुटे होत नाही, म्हणून ते सुखरूप आत जाते.

एखाद्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नसेल आणि डब्यातल्या दुधावर वाढवावे लागत असेल, तर त्याला कोणता मेद द्यायचा? पाम तेल नैसर्गिक आहे, पण त्याची रचना बाळाच्या कामाची नाही. गाईच्या दुधातही मधल्या जागचे पामिटिक आम्ल आईच्या दुधापेक्षा कमीच. लायपेजने कडेच्या जागा मोकळ्या करून तिथे ओलेइक आम्ल बसवले तर आईच्या दुधाच्या जवळ जाणारी रचना मिळते. बेटापोल नावाचा असा मेद 1990च्या दशकापासून बालान्नांत वापरात आहे. आईच्या दुधाला यामुळे पर्याय मिळाला असे कोणी म्हणू नये. बाळाच्या डब्याच्या जाहिरातीला बंदी घालणारा 1992चा कायदा आपल्याकडे आहे तो योग्यच आहे. पण ज्या बाळापुढे प्रश्न डबा कोणता एवढाच उरला आहे, त्याच्यासाठी नैसर्गिक रचनेपेक्षा घडवलेली रचना आईच्या अधिक जवळची असू शकते. नैसर्गिक म्हणजेच हितकर म्हणणाऱ्याने या बाळापुढे उभे राहून उत्तर द्यावे.

डालडाचा खरा धडा

आता दुसरा आक्षेप. डालडाने आपल्याला फसवले हे खरे. पण कसे फसवले?

द्रव तेलात निकेलच्या सान्निध्यात, भरपूर तापवून, हायड्रोजन सोडला की ते घट्ट होते. हे पुरते केले तर संतृप्त मेद तयार होतो. अर्धवट थांबवले, आणि तुपाचे रवाळपण हवे म्हणून ते अर्धवटच थांबवावे लागे, तर काही मेदाम्ले ट्रान्स स्वरूपात वळतात. या रचनेची मेदाम्ले हितकर कोलेस्टेरॉल घटवतात आणि अहितकर वाढवतात, हे नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी 1990 साली माणसांवर प्रयोग करून दाखवले. आपल्याकडच्या वनस्पतीच्या काही नमुन्यांत एकूण मेदाम्लांच्या एक-तृतीयांशाहून अधिक ट्रान्स होती.

पण तत्पूर्वी पन्नास वर्षे आपल्याकडे वनस्पतीला विरोध झाला तो कशावरून? ते नकली तूप आहे, त्याची तुपात भेसळ होते, यावरून. म्हणून कायदा झाला की वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाला आम्ल आणि फुरफुरॉल लावले की लाल रंग येतो. ही बोडुआँची चाचणी. तुपाचा नमुना लाल झाला की भेसळ उघड. युक्ती नामी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या अन्न निरीक्षकांनी ती वापरली. पण ती काय पकडत होती? नक्कल. अपाय तिच्या हाती लागतच नव्हता. पाच टक्के तिळाचे तेल घातलेली, कायद्याला पूर्णपणे धरून असलेली वनस्पती तितकीच घातक होती, आणि चाचणी तिला निर्दोष सोडत होती.

‘खरे की खोटे’ याच प्रश्नावर आपले सगळे लक्ष खिळल्याने ‘रेणूचा आकार कसा’ हा प्रश्न विचारायचाच राहिला. नैसर्गिक आणि कृत्रिम या कसोटीने आपल्याला डालडापासून वाचवले नाही. ट्रान्स मेदाची मर्यादा आपल्याकडे आली तीच मुळी 2011 साली, दहा टक्के; पुढे ती पाचवर आली; 2021च्या जानेवारीत तीन टक्के आणि 2022च्या जानेवारीत दोन टक्के झाली. हे आकडे रेणूकडे पाहून ठरले. डालडाचा धडा कोणी विकराच्या विरुद्ध वापरत असेल, तर त्याने तो धडा उलटा वाचला आहे.

शिवाय व्यवहाराकडे पाहा. बिस्किटाला, पावाला, खारीला खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारा मेद लागतोच. ट्रान्स गेले, तर घट्टपणा आणायचा कुठून? एक वाट म्हणजे सरळ पाम तेलाचा घट्ट भाग वापरणे. दुसरी, सोडियम मेथॉक्साइडसारख्या रसायनाने मेदाम्ले वाटेल तशी विस्कटणे. यात साबण होतो, रंग चढतो, तेल वाया जाते. तिसरी वाट विकराची. तेल साठ-सत्तर अंशांना विकराच्या थरातून सोडायचे आणि पलीकडे काढून घ्यायचे. घट्ट मेद आणि द्रव तेल यांची मेदाम्ले आपसांत बदलतात. दुहेरी बंधांना कोणी हात लावत नाही, म्हणून नवी ट्रान्स तयार होत नाहीत. अमेरिकेत आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीने 2002 साली हे मोठ्या प्रमाणावर सुरू केले आणि विकरे बनवणाऱ्या नोव्होझाइम्सबरोबर तिला 2005 साली तिथल्या पर्यावरण संस्थेचा हरित रसायनाचा पुरस्कार मिळाला.

पोटात काय जाते?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. कारखान्यात लायपेज मोकळे सोडत नाहीत. ते बारीक मण्यांवर किंवा कणांवर पक्के बसवलेले असते. तेल त्यातून वाहत जाते, मणी स्तंभातच राहतात आणि पुन्हापुन्हा वापरले जातात. एक किलो विकर काही हजार किलो तेल हाताळते. वाहून गेले तर कारखानदाराचेच नुकसान, कारण महाग वस्तू तीच.

आणि हे लायपेज आज डुकराच्या स्वादुपिंडातून घेण्याची गरज उरलेली नाही. उद्योगात चालणारी लायपेजे प्रामुख्याने सूक्ष्मजीवांची. त्यांतले एक प्रसिद्ध लायपेज तर अंटार्क्टिकातल्या व्हांडा सरोवराच्या गाळात सापडलेल्या यीस्टचे. त्यांचे जनुक बहुधा अ‍ॅस्परजिलस बुरशीत घालून उत्पादन करतात, हे खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. ज्याला जनुकबदल तत्त्वतः नको आहे त्याचा आक्षेप तत्त्वाचा म्हणून मला मान्य आहे. पण मग त्याने बाजारातल्या बऱ्याच ‘शाकाहारी’ चीजलाही तोच न्याय लावावा, कारण ते गोठवणारे विकरही याच पद्धतीने बनते.

रेणूला जन्मस्थान आठवत नाही, हे बडोद्याला तरी नव्याने सांगावे लागू नये. सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन काढले, त्याचे प्रमुख टी. के. गज्जर हे रंगरसायनाचे जाणकार. त्या काळात मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाच्या मुळातून निघणारे अलिझरीन जर्मनीत डांबरातून बनू लागून वीस वर्षे उलटली होती. मुळातले आणि डांबरातले अलिझरीन कापडाला वेगळे ओळखता येत नाही. फरक असतो तो बरोबर येणाऱ्या अशुद्धीत. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी 1907 साली बडोद्यात अलेम्बिकची स्थापना केली ती याच विश्वासावर. ज्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी पदार्थाला गुणावरून पारखायची सवय लावून घेतली, त्याच्या वारसांनी आज तेलाची जात विचारत बसावे, हे शोभत नाही.

विकराच्या भक्तांनाही दोन शब्द

इथवर वाचून विकराचा पुरस्कर्ता खूष झाला असेल, तर त्याचीही झडती घेऊ. कारण ‘विकराने केले म्हणून आरोग्यदायी’ हे विधान ‘घाण्याने काढले म्हणून आरोग्यदायी’ इतकेच पोकळ आहे.

जपानच्या काओ कंपनीने 1999 साली एकोना नावाचे तेल बाजारात आणले. लायपेजने घडवलेले, रेणूत तीनऐवजी दोनच मेदाम्ले असलेले, अंगावर कमी चढणारे. जपान सरकारने त्याला आरोग्यविषयक दावा करण्याची परवानगी दिली आणि ते अफाट खपले. 2009 साली त्यात ग्लिसिडिल एस्टर हे संयुग नेहमीच्या तेलांपेक्षा खूप जास्त आढळले. पचनात त्यापासून कर्करोगकारक असू शकणारे ग्लिसिडॉल मोकळे होते. काओने विक्री थांबवली. दोष विकराचा नव्हता. विकराचे सौम्य काम संपल्यावर तेलाचा वास घालवण्यासाठी ते दोनशे अंशांच्या वर तापवले जाते, त्या पायरीवर हे संयुग तयार होत होते आणि दोन मेदाम्लांचा रेणू त्याला अधिक बळी पडत होता. अर्थात विकर निर्दोष असून भागत नाही. विहिरीपासून ओठापर्यंतची सगळी वाट पाहावी लागते.

2007 साली मलेशियात 30 स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात फेरमांडणी केलेल्या एका घट्ट मेदाने रक्तातली साखर वाढलेली दिसली. प्रयोग लहान, अवधी थोडा, आणि त्या मेदात स्टिअरिक आम्लाची रचना रोजच्या आहारापेक्षा वेगळी, म्हणून त्यावर वाद झाला. पण तो झिडकारून टाकण्यासारखा नाही. जागा बदलल्याने फायदा होऊ शकतो असे आपण म्हणतो, तेव्हा जागा बदलल्याने तोटाही होऊ शकतो हे आपल्याच युक्तिवादातून निघते.

उलट बाजूचा पुरावाही आपल्याच देशात आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संस्थेत रीना आणि लोकेश यांनी खोबरेल तेल राइस ब्रान किंवा तिळाच्या तेलाशी एकदा नुसते मिसळून आणि एकदा लायपेजने जोडून उंदरांना दिले. नुसत्या खोबरेलापेक्षा मिश्रणाने कोलेस्टेरॉल उतरले आणि जोडलेल्या तेलाने त्याहून अधिक उतरले. उत्साहवर्धक आहे. पण उंदीर ते उंदीर.

पुरस्कर्त्याला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न वेगळाच आहे: मिश्रणाने काम होत असेल तर विकर कशाला? मेदाम्लांचे प्रमाण सुधारणे एवढाच हेतू असेल, तर त्याला रेणू उघडण्याची गरज नाही. आपल्या कायद्याने दोन तेलांचे मिश्रण विकायला मुभा आहे. प्रत्येक तेल किमान वीस टक्के असले म्हणजे झाले. ओमेगा-3 हवे असेल तर विदर्भातल्या म्हातारीला विचारा. ती जवसाची चटणी पुढे करेल. दहा ग्रॅम जवसात सुमारे दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेला पुरेसे. कोकणात बांगडा त्याहून पुढची ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्ले देतो, जी जवसापासून शरीर फारच थोडी बनवते. आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल विकराने तळणीच्या तेलात बसवून ते कढईत तापवणे, हा तर त्या नाजूक मेदाम्लाचा सत्यानाश आहे.

विकराची खरी जागा म्हणूनच मर्यादित आहे. जिथे मेदाम्ल कोणते यापेक्षा ते कुठे बसले आहे याला महत्त्व आहे, तिथे, जसे बाळाचे अन्न. ज्याचे स्वादुपिंड काम करत नाही अशा रोग्याला लवकर पचणारी मध्यम लांबीची मेदाम्ले आणि मधल्या जागी आवश्यक मेदाम्ल, अशी रचना द्यायची असेल, तिथे. माशाच्या तेलातले ईपीए आणि डीएचए दाट करून पुन्हा मेदाच्या स्वाभाविक रूपात बसवायचे असतील, तिथे. आणि बेकरीला ट्रान्सविरहित घट्ट मेद हवा असेल, तिथे. घराच्या फोडणीत त्याचे काम नाही.

सिद्धांत

आपल्या परंपरेने बिनसंस्काराचा मेद हाच श्रेष्ठ, असे कधी म्हटलेले नाही. चरकसंहितेत तूप सर्व स्नेहांत श्रेष्ठ ठरते ते संस्कार स्वीकारण्याच्या गुणामुळे. ज्या द्रव्याबरोबर ते सिद्ध करावे त्याचे गुण ते घेते आणि आपलेही सोडत नाही. सिद्ध तेले आणि सिद्ध घृते यांचा सगळा पसारा त्यावर उभा आहे. संस्कार कोणता, कशासाठी, कोणासाठी आणि किती, हे वैद्य विचारत असे. संस्कार झाला म्हणून बाटले, असे तो म्हणत नसे. विकर हा त्याच मालिकेतला एक संस्कार आहे, फक्त त्याचा नेम अधिक सूक्ष्म आहे.

म्हणून भांडायचे असेल तर योग्य जागी भांडू. इंटरएस्टरिफाइड, म्हणजे मेदाम्लांची फेरमांडणी केलेल्या, मेदाचे मानक आपल्या अन्नसुरक्षा नियमांत आहे. पण बिस्किटाच्या पुड्यावर त्या मेदाचे नाव वाचून ही फेरमांडणी रसायनाने झाली की विकराने, तेल किती तापवले, मधल्या जागी काय बसले, यांतले काहीच ग्राहकाला कळत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र पुड्यावर ठळक असतो. बोडुआँच्या चाचणीने जे केले तेच हा शब्द आज करतो आहे: जातीचा दाखला देतो आणि अपायाबद्दल गप्प बसतो.

सावलीच्या बाजारात बाजरी घेणारी बाई आठवड्यापुरतीच दळून नेते. तिला लायपेज ठाऊक नाही, पण पिठात बिघाड कशाने आणि किती दिवसांत होतो याचा तिचा हिशेब चोख आहे. बाजरी नैसर्गिक आहे म्हणून ती गाफील राहत नाही आणि पीठ कडू होते म्हणून ती बाजरी सोडत नाही. तेलाच्या बाबतीत आपण एवढा तरी व्यवहार सांभाळावा.